खिंडीतला तराजू

कोरवान आणि तुशान या शेजाऱ्यांमधलं युद्ध थांबलं तेव्हा दोघांनाही धड उभं राहायचं त्राण उरलं नव्हतं. पण त्यातल्या त्यात कोरवान जिंकलं, असं तुशाननंही मुकाट्यानं मान्य केलं. तहाच्या मेजाभोवती बसलेल्या मुत्सद्द्यांनी मैदानातली शहरं, कालवे, तेलाच्या विहिरी भराभर वाटून टाकल्या. हरलेल्याची जमीन जिंकलेल्याकडे गेली, जगाच्या रीतीप्रमाणे. घोडं अडलं ते डोंगरात.

डोंगरावर बर्फ होता आणि तो दर उन्हाळ्यात वितळत होता. आज बर्फाच्या ज्या माथ्यावरून रेघ ओढावी, तो माथा उद्या नाल्यातून वाहत खाली येणार. रेघ हलली की सैन्य हलणार. तेव्हा कुणीतरी तोड सुचवली, की बर्फाचं नावच नको, बर्फाखालच्या खडकावरून सरहद्द ठरवू. खडक कुठे पळून जातोय? त्या भागात बर्फाखाली खडकाच्या दोन धारा होत्या, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. दोन्हीपैकी जी उंच ती सरहद्द. उत्तरेची उंच निघाली तर मधलं खोरं आहे तसं तुशानकडे राहणार, दक्षिणेची निघाली तर ते कोरवानला मिळणार. किती उंच, याला अट नव्हती. बोटभर असली तरी पुरे होती.

मधल्या खोऱ्यात झर्गल नावाचं गाव होतं. याक, जवाची शेतं, जर्दाळूची झाडं आणि तीन-चारशे माणसं. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

न दिसणारा खडक मोजायचा कसा, याचं उत्तर देव्हाऱ्याएवढ्या एका पेटीत होतं. त्या पेटीत रुबिडियम धातूचे चिमूटभर अणू लेझरच्या किरणांनी इतके थंड करायचे, की त्यांची वळवळ जवळजवळ थांबते. मग त्यांना वर उडवायचं आणि पडू द्यायचं. ते किती वेगानं पडतात यावरून त्यांच्या खाली काय आहे ते कळतं. खडक जड, तो जास्त ओढतो. बर्फ हलका, तो कमी ओढतो. ओढ कमी भरली म्हणजे खाली बर्फाचा थर जाड आणि खडक खोलात. ओढ जास्त भरली म्हणजे खडक वर आलेला. यंत्र इतकं नाजूक होतं, की दाराबाहेर माणूस येऊन उभा राहिला तरी पडद्यावरचा शेवटचा अंक थरथरायचा. माणूस गेला की अंक पुन्हा आपल्या जागेवर.

यंत्राला खरं तर माणसाची गरज नव्हती. पण दोन्ही देशांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नसल्यामुळे, यंत्राशी कुणी खेळ करू नये म्हणून प्रत्येक धारेवर तटस्थ देशाचं एक माणूस बसवायचं ठरलं. दक्षिण धारेवर एक परदेशी गृहस्थ गेले. उत्तर धारेवरच्या खिंडीत, भारताकडून, पद्मजा भोईटे आली.

पद्मजा मूळची फलटणची. भूमापनशास्त्रात तिचा शब्द अखेरचा मानत. पन्नाशी ओलांडलेली, डेहराडूनच्या सरकारी वसाहतीत एकटी राहणारी. तिथल्या शेजाऱ्यांना ती दारावरच्या पाट्यांवरून ओळखायची आणि शेजारी तिला तिच्या स्कूटरवरून. लग्न का केलं नाही, हे लोक आधी विचारायचे; मग विचारेनासे झाले. ते विचारेनासे झाले तेव्हा तिला पहिल्यांदा वाईट वाटलं. त्यामुळे बर्फात सहा-सात महिने एकटीनं काढायचे म्हटल्यावर बाकीच्यांनी अंग चोरलं, आणि हिनं हो म्हटलं. एकटं राहायला कुठे जावं लागतं असं तिला वाटत नव्हतं.

ठाणं म्हणजे पत्र्याची एक खोली. जमिनीतल्या खड्ड्यात यंत्र, वर पलंग, स्टोव्ह, एक फळी आणि पडदा. मागच्या चढावर, ठाण्याच्या डोक्याशीच म्हणा, दगडांची एक जुनी रास होती. झर्गलकरांचा रिवाज असा, की घरचं माणूस खिंड ओलांडून गेलं आणि परत आलं नाही, की त्याच्या नावानं तिथे एक दगड ठेवायचा. परक्यासाठी ठेवत नसत, आणि एकदा ठेवलेला दगड कुणी उचलत नसे. पद्मजानं आल्या आल्या ती रास मोजून तिचं वजन हिशेबात धरलं आणि मगच यंत्र चालू केलं. रोज सकाळी यंत्र तिला एकच प्रश्न विचारायचं: परिसरात बदल? ती 'नाही' हे बटण दाबायची आणि चहा टाकायची.

पहिली पाहुणी आली ती बर्फ पडायला लागल्यावर. पडद्यावरचा शेवटचा अंक थरथरला म्हणून पद्मजानं दार उघडलं, तर समोर पाठीला करंडी लावलेली एक म्हातारी उभी. गालांवर थंडीनं चिरा पडलेल्या, डोळे मात्र चौकस. तिचं नाव मेहर. गाव तिला मेहरअमा म्हणायचं.

पद्मजाच्या कानात दुभाषा होता, भुईमुगाच्या दाण्याएवढा. म्हातारीचं बोलणं तो मराठीत सांगायचा, तेही आकाशवाणीवरून बातम्या दिल्यासारखं. पुढे पद्मजानं भाषा शिकून तो काढूनच टाकला.

"तूच का ती तराजूवाली?" म्हातारीनं विचारलं.

"तराजू? कसला तराजू?"

"आमची जमीन तोलायला आलीयस ना?"

पद्मजानं तिला आत बसवलं आणि अणू, लेझर, ओढ असं सगळं सांगायला घेतलं. मेहरअमानं चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे इथलं जड भरलं तर जमीन आमची," ती म्हणाली.

"तसं... हो. खाली खडक जास्त असला तर आकडा जड भरतो."

"मग तराजूच झाला की! एवढं लांबण कशाला लावलंस?"

पद्मजा हसली. कितीतरी दिवसांनी तिला आपलं हसणं ऐकू आलं. जाताना म्हातारीनं आपली लाकडी वाटी, जिच्यातून चहा प्यायली ती, पुसून फळीवर ठेवली.

"अमा, वाटी राहिली."

"राहू दे. जिथे परत यायचं असतं तिथे आम्ही वाटी ठेवतो. आता मला तुझ्या घरचा चहा चुकत नाही."

मेहरअमाचा नवरा पूर्वीच व्यापाराला म्हणून खिंडीपलीकडे गेला तो परतला नव्हता. एकुलता एक मुलगा दौलत तुशानच्या सैन्यात होता, अजून छावणीतच. तहात एक कलम होतं, की कोरवानविरुद्ध लढलेल्या शिपायाला कोरवानच्या जमिनीवर पाय ठेवता येणार नाही. झर्गल तुशानमध्ये राहिलं तर दौलत वसंतात घरी येणार. नाही राहिलं तर आईनं त्याचं तोंड परत पाहायचं नाही. ती हे फक्त एकदाच बोलली, आणि लगेच याकच्या दुधाकडे वळली.

मग पाहुण्यांची रीघच लागली. आधी मेहरअमाच्या शेजारणी, मग त्यांचे नवरे, मग सगळं गाव. करंड्या पाठीला लावून, याक हाकत, चढ चढून यायचे. आधी ठाण्याच्या मागे राशीकडे जायचे, तिथून येऊन दार वाजवायचे. कुणी शेणी आणायचं, कुणी सुकवलेले जर्दाळू. प्रत्येकजण चहा प्यायचा आणि फळीवर आपली वाटी ठेवायचा. फळी भरली म्हणून पद्मजानं दुसरी ठोकली. शिपाई नसूनही युद्धात पाय गमावलेला सरवर नावाचा सुतार याकवर बसून आला आणि तिनं ठोकलेली फळी बघून म्हणाला, "बाई, तुला जमीन तोलता येते, पण खिळा मारता येत नाही." आणि त्यानं ती काढून पुन्हा ठोकली.

पद्मजाला सवयच लागली. सकाळी 'नाही' दाबून झालं की ती पडद्यासमोर बसायची, आकड्यांसाठी नव्हे, शेवटचा अंक कधी थरथरतो ते बघायला. थरथरला की पाणी ठेवायचं. आपल्याकडे माणसं येतात, पुन्हा पुन्हा येतात, ही गोष्ट तिच्या आयुष्यात इतकी नवी होती, की ती का येतात हे विचारणं तिच्या जिवावर आलं.

एकदा मात्र तिनं मेहरअमाला टोकलं. "तुम्ही सगळे इथं येता, पण सरहद्दीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. काळजी नाही वाटत?"

"तोल चालू असताना बोलायचं नाही," मेहरअमा म्हणाली. "जव तोलतानासुद्धा आमच्याकडे कुणी बोलत नाही. बोललं की बरकत जाते."

पद्मजाला फलटणचा बाजार आठवला. धान्य मापणारा माणूस पहिल्या मापाला एक न म्हणता 'लाभ' म्हणायचा, आणि ती मध्ये काही विचारायला गेली की वडील तिच्या तोंडावर हात ठेवायचे. ही माणसं तिला एकदम आपली वाटली. तिनं पुढे काही विचारलं नाही.

कोरवानच्या राजधानीतून मापन आयोगाचे तांत्रिक प्रमुख पेठकर आठवड्यातून एकदा बोलायचे. पेठकर नाशिकचे. इतक्या लांब मराठी बोलायला मिळतं या आनंदात ते कामाचं शेवटी बोलायचे.

"काय भोईटेबाई, गोठलात की आहात?"

"गोठायला वेळ कुठाय? पाहुण्यांतून सवड नाही."

"ऐका! इथे राजधानीत मला कुणी चहा विचारत नाही, आणि तुमच्याकडे बर्फात पंगती! बरं, तुमचे आकडे जरा खाली उतरतायत हं. हळूहळू."

"बघतेय मी. रोज केसभर. यंत्र मुरतंय बहुतेक."

"तेच म्हणतो. नव्या पेटीला मुरायला दोन-तीन महिने लागतातच. मुरल्यावरचेच आकडे धरू."

नियमाप्रमाणे तिनं दर महिन्याला ठाण्याभोवतीचा परिसर नव्यानं मोजायचा होता. तिनं बाहेर नजर टाकली. सगळीकडे बर्फ, रासही बर्फाखाली गेलेली, पांढऱ्यात पांढरं. बर्फाची खोली काठीनं मोजली, ती हिशेबात घेतली, आणि आत येऊन 'नाही' दाबलं. आत तीन माणसं चहासाठी खोळंबली होती.

हिवाळ्याच्या शेवटी आकडे जाहीर झाले. दक्षिण धार उंच निघाली होती, उत्तरेपेक्षा वीतभर. त्या वीतभर खडकानं अख्खं खोरं कोरवानला मिळालं. कोरवानच्या राजधानीत दारूकाम झालं. तुशानच्या सरकारनं निषेधाचं एक पत्रक काढलं आणि दुसऱ्या ओळीत तहाचं स्वागत केलं.

आकडा म्हणजे आकडा, पद्मजानं स्वतःला सांगितलं. आपण खडक बनवला नाही. तरीही त्या दिवशी पडद्यावरचा अंक थरथरला तेव्हा ती पाणी ठेवायला उठली नाही.

मेहरअमा आत येऊन बसली, पण वाटी घेतली नाही.

"कमी पडलं का गं, लेकी?"

"काय, अमा?"

"वजन. तोल संपला, आता बोलायला हरकत नाही. आम्ही सगळा हिवाळा वाहिलं. आणखी लागणार होतं तर एका शब्दानं सांगायचंस. नाल्यातले दगड संपले होते, पण आम्ही घरांच्या भिंती पाडून आणले असते."

पद्मजा तशीच, पायात बूट नव्हते तरी, बाहेर धावली. मागच्या चढावर बर्फ आता बसायला लागला होता. तिनं हातांनी उकरायला सुरुवात केली. दगड. बाजूला सरकून उकरलं. दगड. जिथे जुनी रास कधीच नव्हती तिथेही, ठाण्याच्या डोक्यावर अर्धवर्तुळात, वरपर्यंत, नाल्यातले गोल गुळगुळीत दगड नीट रचलेले. एका गावानं महिनोन्महिने पाठीवरून आणलेले. मेहरअमा मागे उभी राहून अभिमानानं बघत होती.

"तराजूच्या डोक्यावरच ठेवले," ती म्हणाली. "म्हणजे सगळं वजन त्याच्यावर पडेल. मीच सांगितलं तसं रचायला."

पद्मजानं तिला घरी जायला सांगितलं आणि दार लावून हिशेब केला. खालचा खडक अणूंना खाली ओढतो. डोक्यावरचा दगड त्यांना वर ओढतो. वरून ओढ लागली की अणू किंचित सावकाश पडतात, आणि बिचाऱ्या यंत्राला वाटतं की खाली खडक कमी आहे, बर्फ जास्त आहे. दगड जितके जास्त, तितकी उत्तर धार यंत्राच्या लेखी खाली. यंत्र मुरत नव्हतं. राशीतल्या प्रत्येक दगडासरशी ते झर्गलला थोडं थोडं कोरवानकडे ढकलत होतं. तिनं वजनाचा अंदाज घेतला, उंची धरली, उत्तर काढलं. वीतभर, आणि वर थोडं. उत्तर धार उंच होती. झर्गल तुशानचं होतं.

तिनं पेठकरांना फोन लावला. दगड, रास, उलटी ओढ, सगळं सांगितलं.

"सर, आकडा मागे घ्या. दगड हलवून पुन्हा मोजू. गावावर कोरवानचं निशाण चढायला अजून अवकाश आहे."

"मागे घेऊ," पेठकर म्हणाले. त्यांच्या बोलण्यातली नेहमीची गंमत गेली होती. "मग काय होईल, सांगू? फेरमापनाला दोन्ही देशांचे इंजिनिअर येतील. पहिल्या दिवशी ठाण्याभोवतीचा परिसर मोजतील. दगड सापडतील. कलम सतरा वाचलंय ना?"

तिनं वाचलं होतं. ज्या बाजूच्या रहिवाशांनी मापनात ढवळाढवळ केली, त्या बाजूचा दावा बाद, आणि दंड म्हणून खालची तीन खोरीही समोरच्याला.

"पण त्यांनी फसवायला नाही केलं! त्यांना कळलंच नाही!"

"हे मला पटतं. कोरवानला पटवून देणार का तुम्ही? त्यांचे लोक म्हणतील, गावानं चोरून वजन घातलं, डाव उलटला, आता रडतायत. आणि हे काही खोटंही नाही, बाई. तीन खोरी घ्यायला कोरवानचं सैन्य येईल, द्यायला तुशान तयार होणार नाही. पुन्हा सुरू."

"मग मी गुपचूप दगड काढते. गावाला सांगते, सगळे मिळून..."

"निकालापासून खिंडीवर कोरवानची ड्रोन फिरतायत. वर बघा."

तिनं खिडकीतून पाहिलं. निळ्या आभाळात एक काळा ठिपका सावकाश घिरट्या घालत होता.

"मी तुम्हाला हुकूम देत नाही," पेठकर म्हणाले. "तुम्ही पाठवलंत तर मी पुढे पाठवीन. परिसर मोजायची जबाबदारी तुमची होती, मुरतंय म्हणणारा मीही होतो. दोघांची नोकरी जाईल, तेवढं सोडा. बाकीचं तुम्ही ठरवा." मग म्हणाले, "जेवलात का?"

ती जेवली नव्हती. दोन दिवस तिनं काही ठरवलं नाही. भरलेल्या दोन फळ्यांकडे बघत बसली. एवढ्या वाट्या, आणि प्रत्येक वाटीबरोबर करंडीभर दगड. माझ्यासाठी येतात असं वाटलं होतं मला. या वयात, एवढं शिकून, चहाला माणसं आली म्हणून मी बाहेर जाऊन बघितलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त त्या माणसांची आठवण आली.

तिसऱ्या दिवशी ती खाली गावात उतरली. जर्दाळूच्या झाडांखाली सगळं गाव जमलं होतं आणि कडाकड भांडत होतं. तुझ्या घरचे दगड बारके होते. तुझा भाऊ एकदाच आला. तिकडची विधवा तर आलीच नाही. मध्यभागी मेहरअमा खाली मान घालून बसली होती, आणि सरवर कुबडीवर उभा राहून तिच्याकडे बोट दाखवत होता.

"हिनं सांगितलं! जड भरलं तर जमीन आपली! हिच्या नादी लागून माझा याक मेला त्या चढावर. आणि वजन पुरलं का? हिला विचारा, पुरलं का?"

पद्मजाला बघून सगळे तिच्याकडे वळले. मेहरअमानं मान वर केली. तिच्या नजरेत एकच प्रश्न होता, आणि त्याचं खरं उत्तर पद्मजाजवळ होतं. अमा, तुमचे दगड कमी नव्हते पडले. तुमच्या दगडांनीच गाव घालवलं. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बोललं की आज तीनशे माणसांना कळणार, उद्या खालच्या खोऱ्यांना, परवा कोरवानला. आणि सगळ्यांच्या आधी ते या म्हातारीच्या डोक्यावर पडणार. मुलगा तर गेलाच होता. तो आपल्याच हातानं घालवला हे कळून ती कशी जगणार?

"वजन पुरलं होतं," पद्मजा म्हणाली. "अमानं सांगितलं ते बरोबर होतं. तुम्ही कुणी कमी पडला नाहीत. चुकलं माझं. मी तोलताना चुकले."

हे खोटं नव्हतं, हीच त्यातली गोम होती.

सरवर पुढे आला. "चुकलीस, तर दुरुस्त कर."

"आता होत नाही."

"का होत नाही? पुन्हा तोल!"

"तह झालाय. आता नाही होत."

"आपण तक्रार करू," मागून कुणी म्हणालं.

"कुणाकडे?" सरवर हसला. "आपल्या सरकारनं सही करून मेजवानी झोडलीसुद्धा." मग तो पद्मजाच्या अगदी जवळ आला. तिनं ठोकलेल्या फळीला हसला होता तेव्हाही तो इतका जवळ उभा होता. "किती दिले गं कोरवाननं तुला?"

पद्मजानं उत्तर दिलं नाही. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि पुढचा. तिचं गप्प राहणं सगळ्यांनी बघितलं आणि ज्याला जे समजायचं ते तो समजला. गर्दीनं तिला वाट करून दिली. मेहरअमाकडे बघायचं धैर्य तिला झालं नाही. चढ चढताना तिला मागे भांडणाचा आवाज ऐकू आला नाही. निदान तेवढं तरी थांबलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पडद्यावरचा अंक पुन्हा थरथरू लागला. एकेकजण यायचा, दार न वाजवता आत शिरायचा, फळीवरून आपली वाटी घ्यायचा आणि निघून जायचा. चहा नाही, शब्द नाही. पद्मजा प्रत्येक वेळी उठून उभी राहायची. सुरुवातीला तिनं पाणी तापत ठेवलं होतं, मग स्टोव्ह बंद केला. सरवरनं आपली वाटी घेतली, फळीही काढून न्यावी की काय असा क्षणभर विचार केला, आणि तशीच ठेवून गेला. फळ्या रिकाम्या होत गेल्या. लाकडावर वाट्यांच्या तळाची गोल वर्तुळं तेवढी उरली. आजवर ती एकटी राहिली होती, पण तिला कुणी एकटं टाकलेलं नव्हतं. या दोन्हींत एवढं अंतर असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

शेवटी एकच वाटी राहिली, पहिली. पद्मजा रोज तिच्याकडे बघायची आणि मनाला बजावायची, की आशा धरू नकोस. बजावूनही धरायचीच.

निशाण चढायच्या आदल्या सकाळी राजधानीशी जोडलेला दुवा बंद झाला. मापन संपलं होतं, दुपारी तिला खिंडीपलीकडे न्यायला हेलिकॉप्टर येणार होतं. पेटी अजून चालू होती, ती शेवटी बंद करायची असते. पद्मजा बॅग भरत होती, तेवढ्यात अंक थरथरला.

मेहरअमा आत आली. या काही दिवसांत ती वाकली होती. तिनं फळीवरची वाटी घेतली, ओढणीच्या टोकाला पुसली आणि झग्यात ठेवली.

"बस ना, अमा," पद्मजा म्हणाली. तिला स्वतःचा आवाज केविलवाणा वाटला.

"नाही."

"दौलतचं काही कळलं?"

"निरोप आला. तो नदीपलीकडे कुठेतरी घर बघतोय. मी यायचं नाही म्हणाले. त्याच्या बापाचा दगड इथे आहे." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "गाव म्हणतं, तू पैसे घेतलेस."

पद्मजानं मान खाली घातली.

"पैसे घेतलेलं माणूस असं गावात उतरून, सगळ्यांसमोर उभं राहून, चुकले म्हणून सांगत नाही," मेहरअमा म्हणाली. "पण माझा मुलगा गेला. तुझ्या घरी वाटी ठेवणं आता मला जमायचं नाही, लेकी."

"बरोबर आहे, अमा."

"उद्यापासून ही खिंड कोरवानची. तू पलीकडे चाललीस. परत यायची नाहीस."

"नाही."

म्हातारीनं तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि दार ओढून घेतलं. पद्मजाला पावलं ऐकू आली. ती खाली उताराकडे गेली नाहीत, ठाण्याच्या मागे गेली, चढावर. पडद्यावरचा शेवटचा अंक थरथरत होता. मग पावलं परत आली, खिडकीवरून गेली आणि उताराला लागून ऐकू येईनाशी झाली.

माणूस गेला की अंक आपल्या जागेवर येतो. पद्मजा बघत राहिली. थरथर थांबली, पण अंक आला नाही. तो होता त्याहून केसभर खाली जाऊन तिथेच थांबला.

तिनं बाहेर जाऊन बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. परक्यासाठी त्या राशीत कुणी दगड ठेवत नसे, हे तिला ठाऊक होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि पोटभर रडली.

डोळे पुसून ती पेटी बंद करायला उठली. बंद होण्याआधी यंत्रानं सवयीप्रमाणे विचारलं: परिसरात बदल? आता या उत्तराला कुणी विचारणार नव्हतं, ते कुठे पोचणारही नव्हतं. पद्मजानं 'होय' दाबलं.